मुंग्या अंगठ्याला, तपासणी मानेची

अंगठ्याला मुंग्या येतात म्हणून दवाखान्यात जावे, आणि डॉक्टरांनी अंगठ्याकडे ओझरते पाहून आधी मान डावी-उजवीकडे वळवायला सांगावे, मग मनगटावर टिचक्या माराव्यात आणि शेवटी अनामिकेच्या एका कडेला व नंतर दुसऱ्या कडेला कापूस लावून "दोन्हीकडे सारखेच लागते का?" असे विचारावे, हा अनुभव कोकण किनाऱ्यावर पुष्कळांच्या गाठीशी असतो. कोळंबी सोलणे, काजूगर काढणे, रातांबे फोडणे, जाळी विणणे, रापणीचे दोर ओढणे ही सारी अंगठ्यावर चालणारी कामे आहेत, त्यामुळे हाताला मुंग्या येणे ही इथे नवलाची तक्रार नाही. नवल वाटते ते तपासणीचे. दुखणे अंगठ्याचे, मग मानेचा फोटो कशाला?

याचे उत्तर अंगठ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूंच्या मांडणीत आहे. "अंगठा बधिर झाला" एवढ्या वाक्यातून निदानाच्या दृष्टीने फारसे काही कळत नाही. अंगठ्याचा नेमका कोणता भाग बधिर आहे आणि त्याला लागून असलेला कोणता भाग शाबूत आहे, हे सांगितले की मात्र बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे बरेचसे उघड होते.

'नस' हा शब्द फसवा आहे

बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो, स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरेलाही नस म्हणतो आणि संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूलाही नसच म्हणतो. त्यामुळे 'नस दबली' असे ऐकले की रक्त अडल्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते आणि तेल लावून चोळले की ते मोकळे होईल असे वाटते. या लेखाचा विषय यांपैकी तिसरी नस हा आहे. तिला मज्जातंतू म्हणतात. मज्जातंतू पोकळ नसतो. काथ्याचा दोर उलगडला तर आत जसे असंख्य धागे दिसतात, तसे मज्जातंतूत हजारो सूक्ष्म धागे एकत्र बांधलेले असतात.

यांतला संवेदनेचा प्रत्येक धागा ही एकाच पेशीची लांबलेली शाखा असते. त्या पेशीचे मूळ शरीर मानेतील मणक्यांच्या शेजारी एका लहानशा गाठीत बसलेले असते. तिथून एक शाखा पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत शिरते आणि दुसरी खांदा, दंड, कोपर, मनगट असा पाऊण मीटरच्या आसपासचा प्रवास करून अंगठ्याच्या टोकाला पोहोचते. म्हणजे टोकापासून मानेपर्यंत मध्ये कुठेही सांधा नसलेला हा एकच धागा आहे.

यातून एक विचित्र गोष्ट घडते. धागा वाटेत कुठेही चिमटला तरी मेंदू ती तक्रार धाग्याच्या टोकाच्याच नावावर लिहितो. कोपराच्या आतल्या बाजूचे हाड दाराच्या चौकटीवर आपटले की झिणझिण्या करंगळीला येतात, हे प्रत्येकाने अनुभवलेले असते. करंगळीला त्या वेळी काहीही झालेले नसते. अंगठ्याच्या बाबतीतही हेच घडते, म्हणून अंगठ्याची तक्रार ऐकून डॉक्टर धाग्याच्या पूर्ण लांबीचा विचार करतात.

सगळे धागे सारख्या वेगाचे नसतात. मासे निवडताना शिंगटीचा काटा अंगठ्यात घुसला तर आधी एक तीक्ष्ण कळ येते, हात आपोआप मागे जातो, आणि मग क्षणभराने खोल, जळजळणारा ठणका सुरू होतो. पहिली कळ सेकंदाला सुमारे ५ ते ३० मीटर वेगाने जाणाऱ्या पातळ आवरणाच्या धाग्यांतून येते, तर नंतरचा ठणका आवरणच नसलेल्या धाग्यांतून सेकंदाला जेमतेम मीटरभर वेगाने सरकत येतो. साधा स्पर्श या दोघांपेक्षाही वेगवान असतो.

अंगठ्याच्या टोकाला इतके कसे कळते

हापूस तयार झाला की नाही हे अंगठ्याने हलकेच चाचपून सांगणारी माणसे देवगडात घरोघरी आहेत. ते कसब हाताच्या सवयीचे आहे, पण त्यामागे त्वचेतली यंत्रणाही आहे. मानवी तळहात आणि बोटांच्या पुढच्या बाजूत मिळून स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० धागे असतात आणि त्यांची सर्वांत दाट वस्ती बोटांच्या टोकांना असते. धाग्यांच्या अग्रांवर स्पर्श टिपणाऱ्या सूक्ष्म रचना असतात, त्यांना स्पर्शग्राहक म्हणू. एक प्रकार कडा आणि खडबडीतपणा ओळखतो, एक त्वचा ताणली गेल्याचे सांगतो, एक खोलवर बसून बोटीच्या इंजिनासारखी बारीक थरथर टिपतो. मला सर्वांत विलक्षण वाटतो तो त्वचेवरील रेषांच्या लगेच खाली बसलेला चौथा प्रकार, कारण वस्तू निसटू लागल्याची पहिली खबर तो देतो. ओला बांगडा हातातून सरकू लागतो तेव्हा आपण विचार करण्यापूर्वीच, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत, अंगठ्याची पकड वाढलेली असते.

वेदना आणि तापमान टिपायला वेगळी रचना नसते, तिथे धाग्यांची उघडी टोकेच काम करतात. मिरच्यांची देठे काढल्यावर नखाच्या कडेला जी आग होते ती खऱ्या उष्णतेची नसते. सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेला प्रतिसाद देणारा जो रेणू या टोकांवर असतो तोच मिरचीतील तिखट द्रव्यालाही प्रतिसाद देतो, आणि मेंदूला दोन्ही निरोप सारखेच वाटतात. हा रेणू शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि दाब ओळखणारे रेणू शोधणारे आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

ही दाट वस्ती घरी मोजता येते. केसाची पिन वाकवून तिची दोन टोके दोन-तीन मिलीमीटर अंतरावर आणावीत आणि दुसऱ्याने डोळे मिटल्यावर त्याच्या अंगठ्याच्या गादीला हलकेच लावावीत. बहुतेकांना दोन टोके वेगळी कळतात. तीच पिन पाठीवर लावली तर टोकांमध्ये तीन-चार सेंटीमीटर अंतर असूनही अनेकदा एकच टोक लागल्यासारखे वाटते. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये कंपासची टोके लावून असेच प्रयोग प्रसिद्ध केले होते. पुढे १९३७ मध्ये वाइल्डर पेनफील्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या कोणत्या भागाची जागा कुठे आहे हे दाखवले. त्या नकाशात अंगठ्याच्या वाट्याला त्याच्या आकाराच्या मानाने फारच मोठा प्रदेश आला आहे, आणि त्याला लागूनच चेहऱ्याचा व ओठांचा प्रदेश आहे. ही शेजारधर्माची गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

ओटीवर एक वीजवाहिनी, परसात दुसरी

आता मुख्य नकाशा पाहू. कल्पना करावी की घराच्या ओटीवर एका वाहिनीवरून वीज आली आहे आणि मागच्या परसात अगदी वेगळ्या वाहिनीवरून. ओटीवरचा दिवा गेला आणि परसातला चालू असला तर वायरमन कोणत्या खांबाकडे जाईल हे सांगावे लागत नाही. अंगठ्याचे तसेच आहे.

अंगठ्याची पुढची बाजू, म्हणजे ठसा उमटवणारी गादी, आणि नखाखालची त्वचा ही मीडियन नावाच्या मज्जातंतूकडे असते. हा दंडाच्या आतल्या बाजूने उतरून हाताच्या मधोमध मनगटातून तळहातात शिरतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची फक्त अंगठ्याकडची अर्धी बाजू एवढा प्रदेश तो सांभाळतो. अनामिकेची उरलेली अर्धी बाजू आणि करंगळी हे कोपरामागून येणाऱ्या अल्नर मज्जातंतूकडे असतात. अंगठ्याची मागची बाजू, साधारण नखाच्या मुळापर्यंत, रेडियल मज्जातंतूच्या वरवरच्या शाखेकडे असते. अंगठ्याच्या बुडाशी दंडाकडून येणारी आणखी एक त्वचाशाखा थोडीफार सरमिसळ करते, आणि माणसामाणसांत या सीमा थोड्याबहुत सरकतात. गावांच्या शिवेप्रमाणे त्या कागदावर ठळक आणि जागेवर धूसर असतात.

कशेडीचा बोगदा आणि जुना घाट

मीडियन मज्जातंतू मनगटात एका अरुंद बोगद्यातून जातो. बोगद्याची जमीन आणि भिंती मनगटाच्या लहान हाडांच्या, छत एका चिवट पट्ट्याचे. या बोगद्यातून बोटे व अंगठा वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि हा एकच मज्जातंतू जातो. कंडरांभोवतीचे आवरण सुजले तर हाड सरकत नाही आणि छतही सैल होत नाही. चेपला जातो तो सर्वांत मऊ प्रवासी, म्हणजे मज्जातंतू. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. गरोदरपण, मधुमेह, थायरॉइडची कमतरता, आणि जोर लावून वारंवार करावे लागणारे किंवा थरथरत्या यंत्रावरचे काम ही त्याची ओळखीची कारणे आहेत.

त्याची खूण अशी की मुंग्या रात्री येतात, झोपमोड होते आणि हात झटकला की बरे वाटते. दोन्ही पंजांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटे खाली करून, मनगटे मिनिटभर वाकलेली ठेवली की अनेकांना त्याच मुंग्या पुन्हा येतात.

पण निदान पक्के करणारी खरी गंमत वेगळी आहे. अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो, त्याच्यावरील त्वचेची संवेदनाही मीडियनचीच असते. मात्र ती नेणारी लहान शाखा मनगटाच्या सुमारे पाच सेंटीमीटर आधीच मूळ मज्जातंतूपासून सुटते आणि बोगद्यात न शिरता छतावरून तळहातात उतरते. मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्याला हे पटकन कळेल. कशेडीचा बोगदा बंद असला तरी जुन्या घाटाने गाडी जाते. म्हणून अंगठ्याचे टोक बधिर आणि उंचवट्याची त्वचा शाबूत असेल, तर कोंडी बोगद्यात आहे. दोन्ही बधिर असतील, तर कोंडी फाटा फुटण्याच्या आधी, मनगटाच्या वर कुठेतरी आहे. अनामिकेच्या दोन कडांना कापूस लावण्याचे कारणही हेच. अर्धी कड बधिर आणि अर्धी चांगली असली की संशय मनगटाकडे वळतो, कारण मान किंवा मधुमेह एका बोटाची अशी उभी वाटणी सहसा करत नाहीत.

सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधणे पुष्कळांना पुरते, काहींना इंजेक्शनचा उपयोग होतो आणि काहींमध्ये छताचा पट्टा कापावा लागतो. "ऑपरेशन केले की हातातली ताकद जाते" ही भीती मी अनेकांकडून ऐकली आहे. पकड काही आठवडे किंवा महिने कमी राहते हे खरे आहे, पण ती बहुतेकांत परत येते. उलट दुर्लक्ष केल्यास तो मांसल उंचवटाच खपाटीला जातो, आणि एकदा गेलेला स्नायू पुरता भरून येईलच असे नाही.

मागची बाजू बधिर, ताकद मात्र शाबूत

अंगठा ताणून वर उचलला की त्याच्या बुडाशी दोन कंडरांमध्ये एक खळगा दिसतो. शरीररचनाशास्त्रात त्याचे नावच तपकिरीची डबी असे आहे, आणि तपकीर ओढणारी पिढी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते समजावून सांगायला नको. या खळग्याच्या वरच्या कडेच्या ताठ कंडरेवरून नख आडवे फिरवले तर दोऱ्यासारखे काहीतरी नखाखालून सरकते. तीच रेडियलची त्वचाशाखा. ती हाताच्या खालच्या तिसऱ्या भागात स्नायूच्या आडून बाहेर येते आणि पुढे कातडीच्या अगदी खालून धावते. तिला संरक्षण जवळजवळ नाहीच.

त्यामुळे घट्ट घड्याळ, मनगटात अडकलेल्या तंग बांगड्या, आवळलेले प्लॅस्टर, बेड्या यांनी ती चेपली जाते. मनगटाच्या अंगठ्याकडच्या शिरेत सलाइनची सुई लावतानाही तिला इजा होऊ शकते. १९३२ मध्ये रॉबर्ट वार्टेनबर्ग यांनी या दुखण्याचे वर्णन केले. यात अंगठ्याची मागची बाजू आणि अंगठा व तर्जनी यांमधली बेचकी बधिर होते किंवा जळजळते, पण अंगठ्याची ताकद जराही कमी होत नाही, कारण या शाखेत स्नायू हलवणारे धागेच नाहीत. बहुतेक वेळा कारण काढून टाकणे हाच उपचार असतो.

मग मान कुठून आली

ओटी आणि परस यांच्या वाहिन्या वेगळ्या असल्या तरी वर कुठेतरी त्या एका उपकेंद्रात एकत्र येतातच. अंगठ्याच्या पुढच्या बाजूचे आणि मागच्या बाजूचे धागे मानेत प्रामुख्याने एकाच ठिकाणी, सहाव्या मज्जामुळात एकत्र येतात. हे मूळ पाचव्या आणि सहाव्या मणक्यांच्या मधून बाहेर पडते. तिथली चकती सरकली किंवा हाड वाढले की अंगठा पुढून आणि मागून दोन्हीकडे बधिर होतो, बधिरपणा बहुधा तर्जनीपर्यंत आणि कोपराखालच्या हाताच्या बाहेरच्या कडेवर पसरतो, मान वळवली की कळ खाली उतरते, आणि कोपर वाकवण्याची किंवा मनगट उचलण्याची ताकद कमी होऊ शकते. मान वळवायला सांगण्यामागे एवढाच हेतू असतो. काही माणसांत मान आणि मनगट दोन्हींकडे थोडा थोडा बिघाड असतो. अशा वेळी मज्जातंतूंतून विजेचा सौम्य झटका पाठवून त्याचा वेग मोजणारी तपासणी उपयोगी पडते. या तपासणीआधी हात गरम करतात. थंडीमुळे वेग दर अंशाला सेकंदाला दीड ते अडीच मीटरने घटतो, आणि बर्फाच्या खोक्यातून नुकत्याच काढलेल्या हाताला उगाचच आजारी ठरवले जाऊ शकते.

विळीचा घाव आणि अर्धा अंगठा

गादीच्या दोन्ही कडांनी मीडियनच्या दोन बारीक शाखा टोकापर्यंत जातात, एकेका कडेला एक. त्यामुळे विळीने किंवा कालवाच्या धारदार शिंपल्याने कापले तर अंगठ्याची एकच कड बधिर होऊ शकते आणि बाकी सारे ठीक वाटते. अशा जखमेत लक्षात ठेवण्याजोगी बाब म्हणजे अंगठ्यात व बोटांत पुढच्या बाजूने पाहता मज्जातंतू कातडीला जवळ असतो आणि रोहिणी त्याच्या मागे. पुढून झालेल्या जखमेतून रक्त उसळ्या मारत येत असेल, तर तिथपर्यंत पोहोचताना पात्याने मज्जातंतू बहुधा आधीच कापलेला असतो. जखम बधिर करण्याचे इंजेक्शन देण्यापूर्वीच दोन्ही कडांचा स्पर्श तपासून घ्यावा, कारण नंतर काहीच कळत नाही. घाईच्या ठिकाणी ही तपासणी सुटते, म्हणून रुग्णाने स्वतः सांगितलेले बरे.

दोन्ही कडा सारख्या महत्त्वाच्या नाहीत. सुई धरताना अंगठ्याची तर्जनीकडची कड पुढे येते, त्यामुळे तिची शाखा तुटली तर अडचण जास्त होते. कापलेला मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली जोडता येतो, पण जोडल्याक्षणी संवेदना येत नाही. तुटलेल्या जागेपुढचे धागे मरतात आणि नवे धागे दिवसाला सुमारे एक मिलीमीटर वाढत जातात. अंगठ्याच्या बुडापासून टोकापर्यंत पाच-सहा सेंटीमीटर धरले तर जवळपास दोन महिने लागतात, सुरुवातीचे काही आठवडे वेगळे. मधल्या काळात टिचकी मारल्यावर झिणझिणी जिथे येते ती जागा हळूहळू टोकाकडे सरकते. मोठ्यांत संवेदना पूर्वीसारखी तंतोतंत होत नाही. लहान मुलांत ती बरीच चांगली येते.

"बी-बारा घेतले की झाले ना?"

बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि मधुमेह हे दोन्ही मज्जातंतूंना अपाय करतात, पण त्यांची सुरुवात बहुधा पायांच्या टोकांपासून आणि दोन्ही बाजूंनी सारखी होते. पाय ठीक असताना एकाच हाताचा अंगठा बधिर होत असेल तर नुसत्या गोळ्यांवर महिने घालवणे योग्य नाही. मधुमेहींना तर बोगद्यातली कोंडी अधिक होते. मालिशने स्नायू सैल होतील, पण बोगद्याचे छत सैल होणार नाही.

दोन गोष्टींत मात्र नकाशा जुळवत बसू नये. हात आणि त्याच बाजूची ओठांची कड एकदम बधिर झाली, किंवा सोबत तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर मेंदूतला तो शेजारधर्म आठवावा आणि १०८ ला फोन करून तत्काळ रुग्णालय गाठावे. दुसरी गोष्ट कुष्ठरोगाची. त्यात मनगटावरची हीच रेडियल त्वचाशाखा दोरासारखी जाड होऊ शकते आणि फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नाही. सरकारी आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळते. वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरुग्णांची बोटे झडतात ती मुख्यतः वेदना न कळल्यामुळे झालेल्या जखमा आणि भाजण्यांमुळे.

"अंगठा यंत्रावर उठत नाही, म्हणजे नसा गेल्या?"

रेशनच्या दुकानात ई-केवायसीसाठी अंगठा टेकवला आणि यंत्राने तो नाकारला की वयस्कर बायका घाबरतात. ठशाच्या रेषा वरच्या त्वचेच्या असतात. सततचे पाणी, मीठ, भांडी आणि काजूच्या टरफलातले दाहक तेल यांनी त्या झिजतात, पण खालचे स्पर्शग्राहक आणि मज्जातंतू त्यामुळे तुटत नाहीत. यंत्राला न ओळखता आलेला अंगठा सुईत दोरा ओवू शकतो.

पाण्यातल्या हाताची दुसरी एक खूण मात्र खरोखरच मज्जातंतूची आहे. बराच वेळ कोळंबी धुतल्यावर बोटांची टोके सुरकुततात. त्वचा नुसती पाणी शोषून फुगते म्हणून हे होत नाही. मज्जातंतूतले स्वयंचलित धागे गादीतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात, आतला भाग आक्रसतो आणि वरच्या कातडीला घड्या पडतात. मज्जातंतू तुटला असेल तर त्या पडत नाहीत. "लागते का?" या प्रश्नाला उत्तर देऊ न शकणाऱ्या लहान मुलाचा हात कोमट पाण्यात सुमारे अर्धा तास ठेवून पाहण्याची ही चाचणी १९७३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. तेव्हा विळीने कापलेल्या पोराची जखम भरून आली असेल, आणि आंघोळीनंतर त्याची नऊ बोटे सुरकुतलेली व अंगठा तेवढा गुळगुळीत दिसत असेल, तर तो अंगठा हाताच्या शल्यविशारदाला त्याच आठवड्यात दाखवावा.